डेथ व्हॅली: मिठाच्या दरीत पहिल्यांदा जाताना

मे-जून उजाडला की अमेरिकेतल्या मराठी मुलांकडे आई-बाबा यायला लागतात. मग लास वेगासची सहल ठरते, नकाशावर तिथून दोन-अडीच तासांवर डेथ व्हॅली दिसते, आणि "एवढ्या लांब आलोच आहोत तर तेही बघून येऊ" असं घरात कुणीतरी म्हणतं. जागा बघण्यासारखी आहे यात शंकाच नाही. समुद्रसपाटीच्या ८६ मीटर खाली, नजर पोचेल तिथवर पांढरंशुभ्र मीठ आणि दोन्ही बाजूंना झाडाचं पानही नसलेले रंगीत डोंगर. पण चुकीच्या महिन्यात, चुकीच्या वेळी गेलात तर ही सहल जिवावर बेतू शकते. योग्य महिन्यात गेलात तर सत्तरीतले आजी-आजोबाही निवांत मिठावर फिरून येतात.

मी दक्षिण कॅलिफोर्नियात राहते आणि घरी येणाऱ्या पाहुण्यांना तिथे नेत आले आहे. सगळ्यांचे प्रश्न तेच असतात. त्यांची उत्तरं इथे क्रमाने देते.

१. आधी जागा समजून घ्या

डेथ व्हॅली ही कॅलिफोर्नियाच्या पूर्व टोकाला, नेवाडाच्या सीमेला लागून असलेली लांबट, अरुंद दरी आहे, आणि आता हे राष्ट्रीय उद्यान आहे. पूर्वेला ब्लॅक माउंटन्स, पश्चिमेला पॅनामिंट रांग. दरीच्या तळाशी बॅडवॉटर बेसिन, म्हणजे उत्तर अमेरिकेतली सगळ्यात खोल जमीन. तिथून समोर दिसणारं टेलिस्कोप शिखर ३,३६६ मीटर उंच आहे. हिवाळ्यात त्याच्यावर बर्फ असतो आणि तुमच्या पायाखाली मीठ.

हे मीठ आलं कुठून? हिमयुगात इथे मोठं सरोवर होतं, त्याला भूशास्त्रज्ञ लेक मॅनली म्हणतात. आजूबाजूच्या डोंगरांतून क्षार घेऊन पाणी इथे येत राहिलं, पण बाहेर जायला वाट नव्हती. ज्यांनी आपलं लोणार सरोवर पाहिलंय त्यांना हे लगेच कळेल: आत येणारं पाणी फक्त उन्हाने उडून जातं, क्षार मागे राहतात. लोणारला अजून पाणी आहे, इथे ते आटलं. उरलेला मिठाचा थर सुमारे ५०० चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. बहुतेक साधंच मीठ, त्यात जिप्सम, कॅल्साइट आणि टाकणखार मिसळलेला.

पॅसिफिककडून येणारे ढग वाटेतल्या डोंगररांगांवरच रिकामे होतात, म्हणून इथे वर्षाला सरासरी जेमतेम पाच सेंटिमीटर पाऊस पडतो. दरी खोल आणि अरुंद असल्याने तापलेली हवा वर जाते, डोंगरांमुळे अडते, पुन्हा खाली येते आणि दाबाने आणखी तापते. १० जुलै १९१३ला दरीतल्या फर्नेस क्रीक या ठिकाणी ५६.७ अंश सेल्सियस नोंदलं गेलं. हवेच्या तापमानाचा तो आजही अधिकृत जागतिक उच्चांक आहे. जमिनीचं तापमान तर १९७२च्या जुलैमध्ये ९३.९ अंशांवर गेलं होतं.

आणखी एक. ही जागा निर्मनुष्य नाही. टिंबिशा शोशोनी लोक पिढ्यान्‌पिढ्या इथे राहत आले आहेत आणि फर्नेस क्रीकजवळ त्यांची वस्ती आहे. ती लोकांची घरं आहेत, पर्यटनस्थळ नाही. फोटो काढायला आत शिरू नका.

२. महिना आधी ठरवा, बाकी सगळं नंतर

नोव्हेंबर ते मार्च. माझं उत्तर एवढंच आहे. डिसेंबर-जानेवारीत दुपारी साधारण १८ ते २० अंश असतं, रात्री स्वेटर लागतो. फेब्रुवारी-मार्च सगळ्यात छान, आणि पाऊस बरा झाला असेल तर वाळवंटात रानफुलंही येतात.

जून ते सप्टेंबर टाळा. आई-बाबा नेमके तेव्हाच आलेले असतात हे मला ठाऊक आहे, म्हणूनच ठासून सांगते. जुलैत दुपारचं सरासरी कमाल तापमान ४७ अंशांच्या आसपास असतं, आणि रात्रीसुद्धा पारा बहुधा तिशीच्या खाली येत नाही.

इथे हमखास ऐकू येणारं वाक्य म्हणजे "आम्ही नागपूरचे, आम्हाला उन्हाचं काय सांगता!" नागपूर-चंद्रपूरच्या माणसाला ऊन सोसायची सवय असते हे खरं. पण ती सवय भर दुपारी घराबाहेर न पडण्याचीही असते. कूलर, पडदे, डोक्याला पंचा, खिशात कांदा. सहलीला आलेला माणूस नेमका दुपारी बारा वाजता, सावलीचा मागमूस नसलेल्या पांढऱ्या मैदानात फोटोसाठी उभा राहतो. शिवाय इथली हवा इतकी कोरडी की घाम अंगावर दिसायच्या आत उडतो. आपल्याला घामच येत नाही असं वाटत राहतं आणि शरीर आतून सुकत जातं.

जुलै २०२४मध्ये मोटारसायकलवरून निघालेल्या एका पर्यटकाचा इथे उष्णतेने मृत्यू झाला. त्या दिवशी पारा ५३ अंशांवर होता. एवढ्या गरम हवेत हेलिकॉप्टरला पुरेशी उचल मिळत नाही, त्यामुळे बचावाचं हेलिकॉप्टर येऊ शकलं नाही. त्याच महिन्यात वाळूच्या टेकड्यांवर एका पर्यटकाच्या चपला निसटल्या आणि तेवढ्या अंतरात त्याचे तळपाय गंभीर भाजले. "संकट आलंच तर कुणीतरी येईल" हा भरवसा उन्हाळ्यात इथे धरता येत नाही.

उन्हाळ्यातच जाणं भाग असेल तर एक मध्यम मार्ग आहे. पहाटे लवकर पोचा, झाब्रिस्की पॉइंट आणि दान्तेज व्ह्यू ही दोन ठिकाणं बघा, बॅडवॉटरला गाडीतून उतरून दहा मिनिटं थांबा आणि दहाच्या आत दरीबाहेर पडा. सकाळी दहानंतर सखल भागात पायी फिरू नये अशी उद्यानाची स्वतःचीच सूचना आहे. दान्तेज व्ह्यू १,६६९ मीटर उंचीवर आहे. तिथे दरीपेक्षा आठ-दहा अंश कमी असतं आणि मिठाचा सगळा पसारा वरून एका नजरेत दिसतो. वयस्कर मंडळींना मी उन्हाळ्यात तेवढंच दाखवते, आणि ते पुरेसं होतं.

३. कागदपत्रं, प्रवेश, मुक्काम

भारतातून आलेल्या पाहुण्याला गाडी चालवायची असेल तर हे जवळ हवं:

- मूळ भारतीय वाहन परवाना (मोबाइलमधली प्रत नको)
- आंतरराष्ट्रीय वाहन परवाना. तो आपल्या आरटीओतून निघतो, वर्षभर चालतो आणि निघण्यापूर्वी भारतातच काढावा लागतो
- पासपोर्ट आणि भाड्याच्या गाडीचा करार. चालवणाऱ्या प्रत्येकाचं नाव करारात असायला हवं
- आई-बाबांच्या प्रवास विम्याची छापील प्रत
- उद्यानाच्या प्रवेशाची पावती

प्रवेशाबाबत एक गैरसमज पसरलेला आहे. बऱ्याच रस्त्यांवर फाटक किंवा तपासणी नाका दिसत नाही, म्हणून लोकांना वाटतं प्रवेश फुकट आहे. तसं नाही. एका गाडीला सात दिवसांचे ३० डॉलर पडतात. ते आधी ऑनलाइन भरा, नाहीतर फर्नेस क्रीकच्या माहिती केंद्रात किंवा रस्त्याकडेच्या यंत्रावर. रोख चालत नाही, कार्ड लागतं. वर्षभराच्या पासचे दर आता अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी आणि परदेशी पाहुण्यांसाठी वेगवेगळे आहेत. घेण्याआधी नॅशनल पार्क सर्व्हिसच्या संकेतस्थळावर बघून घ्या.

मुक्कामाला दरीत फर्नेस क्रीक आणि स्टोव्हपाइप वेल्स, पश्चिमेला पॅनामिंट स्प्रिंग्ज. हंगामात खोल्या लवकर भरतात आणि महाग असतात. बाहेर राहायचं तर नेवाडातली बिटी आणि परम्प ही गावं स्वस्त पडतात. जमलं तर एक रात्र दरीतच काढा. वेगासहून सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येतं, पण मग नेमक्या भर उन्हाच्या वेळी तुम्ही मिठावर असता.

४. गाडी आणि रस्ता

या उद्यानात सगळ्यात जास्त माणसं दगावतात ती उष्णतेने नाही, एकट्या गाडीच्या अपघाताने. रस्ता सरळ, मोकळा, समोर कुणी नाही. वेग कधी वाढला कळत नाही आणि वळण अचानक येतं. वेगमर्यादा पाळा, पट्टा सगळ्यांनी लावा, मागच्या सीटवरच्या काकूंनीसुद्धा.

वेगासहून: परम्पमार्गे डेथ व्हॅली जंक्शन, तिथून १९० क्रमांकाच्या रस्त्याने फर्नेस क्रीक. साधारण १९० किलोमीटर. परम्पला पेट्रोलची टाकी पूर्ण भरा. दरीत पंप आहेत, पण मोजके आणि फार महाग.

लॉस एंजेलिसहून: साडेचार-पाच तास. टाउन पास हा घाट ओलांडून स्टोव्हपाइप वेल्सकडे उतरावं लागतं. उतार लांबलचक आहे. ब्रेकवर पाय ठेवून उतरू नका, गाडी खालच्या गिअरमध्ये टाका. चढताना इंजिनाचा काटा वर सरकू लागला तर एसी बंद करा. तरी उतरला नाही तर बाजूला थांबा, आणि रेडिएटरचं झाकण गरम असताना अजिबात उघडू नका.

बे एरियातल्या, म्हणजे सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या लोकांचा एक घोटाळा होतो. योसेमिटी आणि डेथ व्हॅली एकाच सहलीत जोडायचं ठरतं, पण मधला टायोगा पास हिवाळ्यात बर्फामुळे बंद असतो. म्हणजे डेथ व्हॅलीचा हंगाम असतो तेव्हा तो रस्ता नसतो. बेकर्सफील्डकडून वळसा घालून पूर्ण दिवसाचा प्रवास धरा.

मोबाइलला दरीत बहुतेक ठिकाणी रेंज नसते. नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून घ्या आणि माहिती केंद्रातून कागदी नकाशाही घ्या. फोनमधला नकाशा जवळचा रस्ता म्हणून भलत्याच कच्च्या वाटेवर नेतो, आणि भाड्याच्या गाडीचा विमा कच्च्या रस्त्यावर बहुधा लागू होत नाही. डांबर सोडू नका.

पुरांमुळे रस्ते वाहून जातात हेही लक्षात ठेवा. ऑगस्ट २०२३मध्ये हिलरी वादळाच्या पावसाने एका दिवसात वर्षभराइतकं पाणी पाडलं, आणि उद्यान १५ ऑक्टोबरपर्यंत बंद होतं. निघायच्या आदल्या दिवशी संकेतस्थळावर कोणते रस्ते चालू आहेत ते बघा.

पाट्यांवर अंतर मैलांत आणि तापमान फॅरनहाइटमध्ये असतं. १०० म्हणजे ३८ अंश, ११० म्हणजे ४३, १२० म्हणजे ४९. एवढं आई-बाबांना सांगून ठेवा, म्हणजे माहिती केंद्राबाहेरच्या मोठ्या आकड्यांचा अर्थ लागेल.

५. सोबत काय घ्यायचं

- पाणी: माणशी दिवसाला किमान ४ लिटर, तेही हिवाळ्यात. शिवाय गाडीत वेगळा कॅन. फर्नेस क्रीकच्या माहिती केंद्रात बाटल्या भरून मिळतात, बॅडवॉटरला पिण्याचं पाणी नाही
- ओआरएसची पाकिटं, किंवा घरचं लिंबू-मीठ-साखरेचं पाणी. नुसतं पाणी पीत राहिलं आणि काही खाल्लं नाही तरीही गळून जायला होतं
- खाणं: तिखट-मिठाच्या पुऱ्या, दशम्या, शेंगदाणे, चिवडा. शाकाहारी माणसाला दरीत फार पर्याय नाहीत, डबा भरूनच निघा
- बंद बूट आणि मोजे. चपला-सँडल गाडीत ठेवा
- रुंद काठाची टोपी, गॉगल, पूर्ण बाह्यांचा सैल सुती कपडा. मिठावरून ऊन परत फिरून चेहऱ्याला खालून लागतं, त्यामुळे हनुवटी आणि नाकाखालीही सनस्क्रीन लावा
- टॉर्च, आणि हिवाळ्यात जाकीट

औषधांबद्दल वेगळं सांगायला हवं. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी लघवी जास्त होते आणि शरीरातलं पाणी लवकर कमी होतं. आई-बाबा अशा गोळ्या घेत असतील तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारा. इन्सुलिन बंद गाडीत ठेवू नका, थंड पिशवीत घालून जवळ बाळगा. माणसाची काळजी सगळे घेतात, गाडीत तापणाऱ्या औषधांकडे कुणाचं लक्ष जात नाही.

६. मिठावर चालताना

फर्नेस क्रीकपासून दक्षिणेला २७ किलोमीटरवर बॅडवॉटर. गाडी लावली की समोर लाकडी फळ्यांचा रस्ता आणि एक छोटं डबकं. त्या खाऱ्या पाण्यात फक्त इथेच सापडणाऱ्या चिमुकल्या गोगलगायी राहतात. फळ्यांवरूनच बघा, काठावर उतरू नका. मग मागे वळून कड्याकडे मान वर करा: खडकावर उंचावर एक पांढरी पाटी आहे, तिथे समुद्रसपाटी.

पुढे मिठावर रुळलेली रुंद वाट जाते. सुरुवातीचं मीठ पायांनी तुडवून मळकट आणि सपाट झालेलं आहे. बरेच लोक तेवढंच पाहतात, हिरमुसतात आणि परततात. एक-दीड किलोमीटर पुढे जा. तिथे मिठाचे षट्‌कोनी-पंचकोनी चौथरे दिसू लागतात, एकेक मीटर-दीड मीटर रुंद, कडा उचललेल्या. जमिनीखालचं खारं पाणी वर येऊन उडतं आणि मीठ साठत जातं. २०२३मधल्या एका संशोधनाने त्यांच्या आकाराचं कारणही मांडलं: खाली पाण्याचं संथ अभिसरण चालू असतं, जास्त खारं आणि जड पाणी जिथे खाली उतरतं तिथे वर मिठाची कड तयार होते. मला ही गोष्ट फार आवडते. वर सगळं निपचित वाटतं आणि पायाखाली काम चालू असतं.

वेळ कोणती? सकाळी ब्लॅक माउंटन्सची सावली बॅडवॉटरवर बराच वेळ राहते. सूर्य आधी समोरच्या टेलिस्कोप शिखरावर पडतो, मग उजेड हळूहळू मिठावर उतरतो. त्या सावलीत चालणं सगळ्यात सुखाचं. फोटोसाठी सूर्यास्ताआधीचा तास, तेव्हा मिठाच्या कडांच्या सावल्या उठून दिसतात. हिवाळ्यात साडेचार-पाचलाच सूर्य जातो, त्या हिशोबाने निघा.

इथले सापळे:

पलीकडचे डोंगर हाताच्या अंतरावर वाटतात. मैदान सुमारे आठ किलोमीटर रुंद आहे आणि मध्ये एक झुडूपही नाही. पाणी निम्मं संपलं की मागे फिरा, कितीही पुढे जावंसं वाटलं तरी.

पावसानंतर मीठ ओलं असेल तर त्यावर पाय देऊ नका. वरची पापडी फुटून पाय चिखलात रुततो आणि तो ठसा वर्षानुवर्षं राहतो. गाडी मिठावर नेणं तर गुन्हाच आहे. हिलरी वादळानंतर इथे पुन्हा उथळ तळं साचलं आणि पुढच्या वसंतापर्यंत टिकलं. असं तळं दिसलं तर नशीब समजा आणि काठावरून बघा.

आठवण म्हणून मिठाचा खडा खिशात घालणं बेकायदा आहे. दगड, फूल, मीठ, काहीही उचलायचं नाही. ड्रोनलाही बंदी आहे. मुलांना मीठ चाखून बघावंसं वाटतं, त्यांना आवरा, त्यात टाकणखार आणि इतर क्षार आहेत.

७. आजूबाजूच्या घळी

मिठावरून परतताना वाटेत गोल्डन कॅन्यन लागतं. पिवळ्या मातीच्या उंच भिंतींमधून जाणारी सोपी वाट. पूर्वी आत डांबरी रस्ता होता, १९७६च्या पुराने तो वाहून नेला, त्याचे तुकडे अजून दिसतात. थोडं आत जाऊन आलात तरी कल्पना येते. पण भिंतींना सावली असली तरी वारा नसतो आणि उष्णता कोंडते, म्हणून दुपारी नको. आभाळ भरून आलं असेल तर कोणत्याच घळीत शिरू नका. पाऊस दूर डोंगरावर पडतो आणि लोंढा इथे येतो.

आर्टिस्ट्स ड्राइव्ह हा एकेरी रस्ता चालू शकत नाहीत त्यांच्यासाठी उत्तम, गाडीतूनच डोंगरातले हिरवे-गुलाबी-जांभळट रंग दिसतात. स्टोव्हपाइप वेल्सजवळच्या मोझेइक कॅन्यनमध्ये पाण्याने घासून गुळगुळीत झालेला संगमरवर आहे. तिथे थोडं खडकावरून चढावं लागतं, गुडघे दुखणाऱ्यांनी पहिल्या टप्प्यावरच थांबावं. हार्मनी बोरॅक्स वर्क्स बघायला पंधरा मिनिटं पुरतात. १८८३ ते १८८८ या काळात इथून टाकणखार काढून खेचरांच्या लांब गाड्यांनी २६५ किलोमीटरवरच्या मोहावी स्थानकावर नेत असत. तो तेवढा रस्ता त्या जनावरांनी कसा काढला असेल, याचा विचार केल्यावाचून मला तिथून निघता येत नाही.

८. अडचण आली तर

डोकं दुखणं, मळमळ, चक्कर ही पहिली लक्षणं. लगेच गाडीत, एसी सुरू, कपडे आणि मान ओली, घोट-घोट ओआरएस. माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा अंग तापून शुद्ध हरपू लागली तर तो उष्माघात आहे. ९११ हा अमेरिकेतला आपत्कालीन नंबर लावा आणि मदत येईपर्यंत अंगावर पाणी ओतत राहा. रेंज नसेल तर नवीन फोनमधली उपग्रहाद्वारे मदत मागण्याची सोय वापरा. ती कशी चालते हे घरी असतानाच बघून ठेवा.

गाडी बंद पडली तर गाडीपाशीच थांबा. चालत मदत शोधायला निघू नका. मुख्य रस्त्यावर कुणी ना कुणी येतंच, आणि वरून शोधणाऱ्याला माणसापेक्षा गाडी लवकर दिसते.

निघण्याआधी घरी किंवा मित्राकडे तुमचा मार्ग आणि परतायची वेळ सांगून ठेवा. संध्याकाळी अमुक वाजेपर्यंत फोन आला नाही तर कुणाला कळवायचं, तेही.

९. परतताना

अंधारात दरीतून गाडी चालवायची सवय नसेल तर सूर्यास्तानंतर रेंगाळू नका, रस्त्यावर कोल्ह्यासारखे कायोटी येतात. मुक्काम असेल तर मात्र रात्री नक्की बाहेर पडा. काळोख्या आभाळासाठी या उद्यानाला २०१३मध्ये आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली आहे, अमावास्येच्या आसपासची तारीख धरलीत तर आकाशगंगा डोळ्यांना सहज दिसते. बूट घरी आल्यावर साध्या पाण्याने धुवा, मिठाने शिवण कुजते. आणि गाडीत उरलेलं पाणी परम्पला पोचेपर्यंत ओतून देऊ नका.